सिगारेटला बोलायला लावणारा लेखक

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी राम व्ही या चित्रकथालेखकाचं तोंड भरून कौतुक केलं आणि टपाल एकदम वाढलं. निम्मी पत्रं 'हे काय नवीन खूळ' अशा सुरातली, निम्मी 'आणखी सांगा' म्हणणारी. संपादक म्हणाले, या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवा, हेच निपटा. ज्यांच्या हाती गेला अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राम व्ही म्हणजे राम वेंकटेशन. मूळचा मुंबईचा, शिकला रासायनिक अभियांत्रिकी, राहतो लंडनला, लिहितो इंग्रजीत. 'द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार' ही त्याची पाच भागांची कॉमिक्स २०२१ साली आली आणि 'रेअर फ्लेवर्स' ही सहा भागांची २०२३-२४ मध्ये. दोन्हींची चित्रं फिलिपे आंद्राद या पोर्तुगीज चित्रकाराची. बंगळुरात नोकरीला असलेला माझा भाचा दिवाळीला घरी आला तेव्हा दोन्ही पुस्तकं घेऊन आला, फराळाचा डबा घेऊन गेला. सौदा मला फायद्याचा पडला.

प्रश्न : साठीला आलेल्या बाईंनी कॉमिक्सचं एवढं कौतुक करावं म्हणजे नवलच. बरं, करायचंच तर चित्रकाराचं करा. लेखकाचं त्यात असतं काय? संवादाच्या फुग्यात दोन ओळी!
(एक निवृत्त कारकून, निपाणी)

साठी मागच्या वर्षीच उलटली, तेवढी नोंद दुरुस्त करून घ्या. बाकी तुमचा प्रश्न रास्त आहे. मीही कित्येक वर्षं असंच समजत होते. बेळगावातल्या शहापूरला आमच्या घराच्या सोप्यात मी पुस्तकं भाड्यानं द्यायची. आतल्या खोलीत वडिलांचा माग खटखटत असायचा आणि बाहेर सुतळीवर कपड्यांचे चिमटे लावून इंद्रजाल कॉमिक्स टांगलेली. 'ताई, नवा वेताळ आला काय ओ?' असं पोरं येऊन विचारायची. 'कुणी लिहिलाय?' असं एकानंही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगताही आलं नसतं. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मुळात ली फॉक नावाच्या माणसाच्या डोक्यातून निघाला, हे मला कळलं ते १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडल्यावर, रद्दीत द्यायच्या अंकांवरची धूळ पुसताना.

आता लेखक करतो काय ते बघा. लैला स्टारच्या कथेत मृत्यू ही एक बाई आहे. (आपल्याकडे मृत्यू पुल्लिंगी, त्यामुळे पहिली चार पानं मी अडखळतच वाचली.) तिला देवांच्या कचेरीत बोलावतात आणि सांगतात, तुझी नोकरी गेली. कारण काय, तर मुंबईत एक मूल जन्माला येतंय आणि ते मोठं होऊन अमरत्वाचा शोध लावणार आहे. माणसं मरणारच नसतील तर हिला पगार कशाचा द्यायचा? मग लैला स्टार नावाच्या नुकत्याच मेलेल्या तरुण मुलीच्या देहात घालून तिला खाली पाठवून देतात. ती निघते त्या बाळाला संपवायला, आणि तिच्याच्यानं ते होत नाही. पुढे ती स्वतःच मरते, परत जिवंत होते, परत मरते. दर खेपेला मध्ये बरीच वर्षं गेलेली असतात आणि तो मुलगा, दारियस शाह, वाढत गेलेला असतो.

तिसऱ्या भागात हा दारियस तरुण झालाय. आणि त्या भागाची गोष्ट सांगतंय कोण? एक सिगारेट!

निपाणीच्या माणसाला तंबाखूबद्दल मी काय शिकवणार. पण एक हिशेब करा. पेटल्यापासून थोटूक होईपर्यंत सिगारेटला आयुष्य मिळतं पाच-सात मिनिटांचं. जो माणूस कधीच न मरण्याची किल्ली शोधणार आहे, त्याची गोष्ट जिची बोलता बोलता राख होणार आहे तिच्या तोंडी दिली आहे. आंद्राद मोठा चित्रकार आहे यात वादच नाही. त्याच्या मुंबईच्या संध्याकाळी गुलाबी आणि केशरी अशा काही होतात की पानाला हात लावला तर बोटाला रंग लागेल असं वाटतं. पण बोलायचं कुणी, कधी आणि किती, हे चित्राच्या आधी कागदावर उतरतं. चौथ्या भागात तर चक्क मुंबईतलं एक चिनी देऊळ बोलतं. फुग्यातल्या दोन ओळी म्हणालात ना, त्या ओळी देवळाच्या तोंडी घालायच्या की माणसाच्या, एवढं ठरवायलाच लेखक लागतो.

आणखी एक सांगते, मग पुढे जाते. दुसऱ्या भागात स्मशानातला कावळा आहे. माझ्या वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. पिंड ठेवून आम्ही पाऊण तास बसलो. भाऊ हात जोडून एकेक कबूल करत होता, बहिणीचं बघेन, माग विकणार नाही. वरच्या फांदीवर दोन कावळे बसले होते, पण ढिम्म हलेनात. शेवटी भटजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि उठले. घरी येताना भाऊ म्हणाला, 'बाबा रुसलेत.' मला मात्र तेव्हापासून त्या फांदीवरच्या दोघांचं कुतूहल आहे. रोज दहा घरांची रडारड वरून बघणाऱ्याला आपल्याबद्दल काय वाटत असेल? राम व्हीनं नेमका तोच कावळा हाताशी धरला. इंग्रजी कॉमिक्समध्ये कावळ्याला एवढा मान मिळालेला मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा कॉमिक्सशिवाय काही वाचत नाही. ही लैला स्टार त्याला आणून देऊ का?
(एक आई, टिळकवाडी)

नको. ही मोठ्यांची कॉमिक्स आहे. मृत्यू, दारू, सिगारेट सगळं आहे तिच्यात आणि अकराव्या वर्षी त्यातलं दुःख काही कळायचं नाही. पाच-सात वर्षांनी द्या. तोवर तो जे वाचतोय ते वाचू दे, फक्त अधूनमधून 'हे कुणी लिहिलंय रे?' एवढं विचारत जा.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चित्र काढता येत नाही, पण कॉमिक्स लिहायची आहे. ती लिहितात कशी? नाटकासारखी?
(एक विद्यार्थी, खानापूर)

नाटकासारखीच, पण नाटकात नट हलतो, इथे सगळे गोठलेले. तुला 'तो उठला, दार उघडलं आणि बाहेर गेला' असं एका चौकटीत लिहिता येणार नाही. चित्रकारानं नेमकं काय काढायचं, उठणं की दार की जाणं? एका चौकटीत एक क्षण, ही पहिली शिस्त.

पद्धती दोन आहेत. एकीत लेखक पानन् पान, चौकटन् चौकट लिहून देतो. कोण कुठे उभा, काय दिसतंय, कोण काय बोलतंय, सगळं. दुसरीत लेखक नुसता कथेचा आराखडा देतो, चित्रकार पानं काढतो आणि संवाद नंतर भरले जातात. अमेरिकेतल्या मार्वल कंपनीत ही पद्धत चालायची म्हणून तिला त्यांचंच नाव पडलं. नवशिक्यानं पहिलीच धरावी. दुसरीत चित्रकार भांडकुदळ निघाला तर तुझी गोष्ट त्याची होऊन जाते.

मागच्या पावसाळ्यात बेळगावहून खानापूरला येताना बसमध्ये एक प्रसंग पाहिला. तोच तुला चौकटीत मांडून दाखवते.

पहिली चौकट : बाहेर पाऊस, काचेवर वाफ. एका बाकावर दोन म्हाताऱ्या, सारखंच नाक, सारखंच कुंकू. सख्ख्या बहिणी, हे कुठेही लिहायचं नाही.

दुसरी चौकट : फक्त हात. कंडक्टरसमोर धरलेली दोन आधार कार्डं. एकावर कन्नड अक्षरं, एकावर मराठी.

तिसरी चौकट : दोन तिकिटं. एक शून्य रुपयांचं, एक पैशांचं.

चौथी चौकट : कंडक्टर मोठ्या बहिणीला म्हणतो, 'तुम्ही तिकडच्या.' ती म्हणते, 'कुठल्या तिकडच्या?'

पाचवी चौकट : धाकटी काचेतून बाहेर बघतेय. मोठी शून्याचं तिकीट हातात घेऊन उलटसुलट करून बघतेय.

धाकटी खानापूरची, म्हणजे कर्नाटकाची. तिथल्या बायकांना २०२३ च्या जूनपासून कर्नाटकाच्या बसमध्ये फुकट प्रवास. मोठी चंदगडला दिलेली, म्हणजे महाराष्ट्राची, म्हणून तिला पूर्ण तिकीट. आपल्या भागातल्या वाचकाला पाच चौकटींत सगळं कळतं. पहिल्या खेपेला लिहिताना मी पाचव्या चौकटीत मोठीच्या तोंडी एक लांबलचक वाक्य घातलं होतं, एकाच आईच्या पोटची लेकरं वगैरे. दुसऱ्या दिवशी वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. खोडून टाकलं. राम व्ही वाचताना हेच शिकण्यासारखं आहे. त्याची भाषा कधी कधी कवितेकडे झुकते, निवेदनाच्या चौकोनात तो बोलतोही पुष्कळ, पण माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतंय ते परत शब्दांत सांगत नाही.

दोन बारीक गोष्टी. जो आधी बोलतो त्याला डाव्या बाजूला उभा कर, कारण फुगे डावीकडून उजवीकडे वाचले जातात. आणि एखादा धक्का द्यायचा असेल तर तो पान उलटल्यावर दिसला पाहिजे. म्हणजे उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत दारावर थाप आणि पान उलटल्यावर दारात कोण ते. डाव्या पानावरची थाप वाया जाते, नजर आधीच शेजारच्या पानावर जाऊन बघून येते.

मिळाली तर राम व्हीची 'ग्राफिटीज वॉल' वाच. मुंबईच्या वस्तीतल्या चौघांची गोष्ट आहे, त्यांतला एक भिंती रंगवत फिरतो. चित्रं आनंद आर. के. या चित्रकाराची. याच दोघांच्या 'ब्लू इन ग्रीन'च्या चित्रांसाठी आनंद आणि जॉन पीअरसन यांना २०२१ चं आयस्नर मिळालं. कॉमिक्सच्या जगात त्या बक्षिसाचा मान मोठा. आणि चित्र येत नाही म्हणून रडू नकोस. चित्र येणारं एखादं पोरगं तुझ्याच वर्गात मागच्या बाकावर वहीत काहीतरी गिरबटत बसलेलं असेल. त्याला गाठ.

प्रश्न : 'रेअर फ्लेवर्स'मध्ये म्हणे बकासुराला नायक केलंय. पुराणातल्या राक्षसाचं असं उदात्तीकरण आपण खपवून घ्यायचं का?
(एक वाचक, संकेश्वर)

आधी पुराण नीट आठवू या. एकचक्रा नगरी, बकासुराला आळीपाळीनं एकेका घरानं गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस पाठवायचा. ब्राह्मणाच्या घरची पाळी येते, कुंती भीमाला धाडते. भीम काय करतो? बकासुराकडे पाठ करून बसतो आणि गाड्यातला भात आधी स्वतःच हाणतो. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा बाकीची भावंडं टाळ्या पिटायची, मला मात्र बकासुराची दया यायची. जेवण उशिरा आलेलं, त्यात आणणाराच खातोय!

राम व्हीचा बकासुर रुबिन बक्ष नावानं आजच्या भारतात फिरतो. अगडबंब देह, खाण्यातला दर्दी. त्याला आपल्या आवडत्या पदार्थांवर माहितीपट काढायचाय, म्हणून हातातलं सगळं फसलेल्या मो नावाच्या एका तरुण चित्रपटवाल्याला तो गाठतो. रुबिनच्या मागावर शिकारी आहेत. तो माणसं खातो. लेखकानं ते झाकलेलं नाही, त्याला सोवळं नेसवलेलं नाही. उदात्तीकरण म्हणाल तर ते जेवणाचं आहे. प्रत्येक भागात एक पदार्थ, त्याची कृती कथेतच विणलेली आणि पदार्थाबरोबर तो करणाऱ्या माणसाचं आयुष्य. पहिल्या भागात साधा चहा. चहाच्या कृतीवर मी बोलणार नाही, त्यावरून आमच्याच घरात दोन तट आहेत.

वाचताना मनात सारखं येत होतं, हा रुबिन बेळगावला उतरला तर त्याला काय द्यायचं? कुंदाच. पण दुकानातला बॉक्स नव्हे, त्याला मागच्या बाजूला भट्टीपाशी उभा करायचा. दूध आटवत न्यायचं, खवा, साखर, आणि हात थांबवायचा नाही. एका टप्प्याला साखर करपायच्या अगदी अलीकडे येते, पांढरं होतं ते बदामी होतं, बदामीचं तपकिरी, आणि दाणा धरतो. चार क्षण पुढे गेलं की कडू. ते चार क्षण ओळखणाऱ्या आचाऱ्याचा कळकट बनियन, दंडावरचे चटक्यांचे डाग आणि कढईवरून न हलणारी नजर. 'रेअर फ्लेवर्स' वाचल्यापासून मी मिठाईच्या दुकानात गेले की काउंटरवरून आत डोकावते. परवा मालकानं विचारलं, 'काय हवंय बाई?' काय सांगणार, बकासुरासाठी बघतेय?

प्रश्न : तो बॅटमॅनही लिहितो म्हणे. त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही.
(तुमच्या वाचनालयाचा जुना सभासद, शहापूर)

मुद्दामच नाही लिहिलं. बॅटमॅनच्या कथा ज्यात येतात त्या, १९३७ पासून चालत आलेल्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चं लेखन २०२२ ते २०२४ त्याच्याकडे होतं. आपल्याकडच्या माणसाला असं घराणं मिळणं मोठंच. त्यानं ती कथा पाश्चात्त्य संगीतिकेसारखी बांधली. कल्पना सुरेख. पण कुमार गंधर्व ज्या जिल्ह्यात जन्मले तिथल्या माणसाला विलंबित किती वेळ चालवायचं हे सांगायला नको. इथे विलंबितच इतकं लांबलं की द्रुत येईतो मी पेंगायला लागले. भाच्याला ती प्राणापलीकडे आवडते, त्यामुळे भांडण मिटलेलं नाही. त्यानंतर तो 'न्यू गॉड्स' या कॉमिक्सकडे वळला. ते जग जॅक कर्बी या जुन्या कॉमिक्सकारानं १९७१ साली उभं केलेलं. आधीचं ठाऊक नसलेल्याला आत शिरायला दार सापडत नाही. मला तरी नाही सापडलं.

उलट 'दीज सॅव्हेज शोअर्स' तुम्हाला देईन. चित्रं सुमित कुमार यांची. १७६६ चा काळ, कंपनी सरकारच्या जहाजातून लंडनचा एक रक्तपिपासू मलबार किनाऱ्यावर उतरतो. त्याला वाटतं, इथे सगळी शिकारच शिकार. त्याला काय ठाऊक, इथे त्याच्याहून जुनं काहीतरी आधीच राहतंय. हैदर आणि टिपूही येतात. शाळेत म्हैसूरच्या लढायांचे सन पाठ करून कंटाळलेल्या माणसानं हे वाचावं.

आणि हो, तो उगवता लेखक असं मी गेल्या वेळी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही टोमणा मारलाय. मान्य. चांगला दोन कासरे वर आलाय. आपल्याकडे खिडकी उशिरा उघडली.

प्रश्न : मराठीत का येत नाही हे?
(एक शिक्षिका, येळ्ळूर)

आलं तर मी रांगेत पहिली. पण एक अडचण सांगते, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुधा सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली, एका उंचीची. फुगा त्या मापानं काढलेला असतो. आपल्या ओळीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. दोन ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते. मग त्याच फुग्यात मराठी बसवायची तर अक्षर बारीक करा नाहीतर वाक्य छाटा. इंद्रजालच्या मराठी अंकात वेताळ कधी कधी अगदी तुटक का बोलायचा, याचं कोडं मला आत्ता उलगडतंय. आम्हाला वाटायचं, जंगलात एकटा राहतो म्हणून. सिगारेटची ती लांब, रेंगाळणारी वाक्यं छाटायची म्हणजे जीव काढून घेणं. तेव्हा भाषांतर करणाऱ्याला फुगा मोठा करायची मुभा हवी आणि अक्षरं हातानं लिहिणारा कुणीतरी हवा. आपल्या बाजारपेठेत मराठी-कन्नड दोन्ही पाट्या एकाच ब्रशानं रंगवणारे पेंटर होते. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या शिड्या भिंतीला टेकून आहेत.

प्रश्न : ताई, पुस्तकं वाचायला द्याल का? जपून परत करेन.
(एकूण अकरा पत्रं)

देईन. पण घरी येऊन वाचायचं. चहा मिळेल. जपून परत करणाऱ्यांचा माझा अनुभव असा आहे : वेताळच्या लग्नाचा अंक एका मुलानं एका दिवसाच्या बोलीवर नेला आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्या वडिलांची बदली झाली. वहीत त्याच्या नावापुढे अजून 'येणे' असं लिहिलेलं आहे. तो आता पन्नाशीच्या पुढे असेल. हे वाचत असेल तर भाडं माफ, अंक तेवढा आणून दे बाबा. बाकीच्यांनी रविवारी चारनंतर यावं. माग बंद झाला, पण सोपा तोच आहे. छत्री बाहेर ठेवायची.